नवरीच्या एंट्रीची धून आणि वाग्नर नावाची भानगड

आता कोल्हापुरात हॉलमधलं लग्न म्हटलं की नवरीची एंट्री हा एक वेगळाच कार्यक्रम झालाय, दारात धुराचं मशीन, डोक्यावर फुलांची चादर धरलेले चार भाऊ, फोटोग्राफर उलटा चालत मागं मागं सरकतोय, आणि कीबोर्डवाला पोरगा ती एक ठरलेली इंग्लिश टाइपची धून वाजवतोय. नाव माहीत नसलं तरी ती धून तुम्ही कितीतरी वेळा ऐकलीय, पिक्चरमध्ये, रीलमध्ये, चर्चमधल्या लग्नात. ती रिचर्ड वाग्नर ह्या जर्मन संगीतकाराची, त्याच्या 'लोएनग्रिन' नावाच्या ऑपेरातली. ऑपेरा म्हणजे सगळं गाण्यातून चालणारं नाटक, बोलायचं ते पण गाऊनच. आणि गंमत अशी की त्या नाटकात हे लग्न एक रात्र पण टिकत नाही. ही धून गात मंडळी नवरा-नवरीला खोलीपर्यंत सोडतात, थोड्याच वेळात नवरी नेमका तोच प्रश्न विचारते जो विचारायला बंदी होती (तुमचं नाव काय आणि तुम्ही कुठले), मधेच एक जण तलवार घेऊन घुसतो आणि मरतो, नवरा नावेत बसून कायमचा निघून जातो आणि नवरी तिथंच कोसळून गतप्राण. पत्रिका जुळवताना नाडीवरून अडून बसणाऱ्या आत्यांना हे कुणी सांगितलेलं नाही तेच बरंय.

पण अपशकुनाचं सोडा, खरी भानगड पुढंच आहे.

लोएनग्रिनचा पहिला प्रयोग झाला २८ ऑगस्ट १८५० ला, जर्मनीत वायमारला, आणि तो बसवला फ्रान्झ लिस्ट ह्या तेव्हाच्या नामांकित पियानोवादक-संगीतकारानं. वाग्नर स्वतः तिथं नव्हता, कारण १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनला राजाविरुद्ध उठाव झाला त्यात हा पण होता, अंगावर वॉरंट निघालं म्हणून पळून स्वित्झर्लंडला झुरिकमध्ये जाऊन बसला होता. आणि झुरिकमधून त्यानं एक लेख पाठवला, तो सप्टेंबर १८५० च्या पहिल्या आठवड्यात एका संगीतविषयक नियतकालिकात छापून यायला लागला. नाव होतं 'संगीतातलं ज्यूपण'. खाली लेखकाचं नाव खोटं. म्हणजे लग्नाची धून आणि हा लेख, दोन्ही एकाच माणसाचं, आठ-पंधरा दिवसांच्या आत जगासमोर आलं. वाग्नरबद्दल पावणेदोनशे वर्षं जो वाद चाललाय तो सगळा ह्या दोन गोष्टी एकत्र धरायच्या का वेगळ्या करायच्या ह्यावरच आहे.

लेखात काय होतं ते थोडक्यात सांगतो. ज्यू माणूस कितीही पिढ्या जर्मनीत राहिला, कितीही शुद्ध जर्मन बोलला, तरी ती भाषा त्यानं शिकलेली, त्याच्या आतून आलेली नाही, म्हणून तो नक्कल करू शकतो, हुशारी दाखवू शकतो, पण खरं काळजातलं संगीत त्याला कधीच जमणार नाही, असा सगळा युक्तिवाद. वर त्यांच्या बोलण्याची, त्यांच्या प्रार्थनेतल्या गाण्याची यथेच्छ टिंगल.

कोल्हापूरकराला हे वाचून ओळखीचं वाटायला पाहिजे. १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराज स्नानाला गेले तेव्हा पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतोय हे उघड झालं, आणि विचारल्यावर कारण काय तर जन्म. छत्रपती असा नाहीतर आणि कोणी, वेदाच्या मंत्राचा अधिकार जन्मानंच येतो, तो तुमच्याकडं नाही. वाग्नरचा मुद्दा त्याच जातकुळीतला आहे, तू किती शिकलास, किती चांगलं म्हणतोस ह्याचा काही संबंध नाही, तू जन्मला कुठं ते सांग. आणि ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब दरबारी गवई म्हणून राहिले, जयपूर घराण्याच्या गायकीनं जिथं मुळं धरली, त्या गावात बसून 'कुणाच्या रक्तात कुठलं संगीत असतं' ही चर्चा वाचताना हसावं का चिडावं कळत नाही.

लेखात दोन माणसं मुख्य निशाण्यावर होती. एक फेलिक्स मेंडेल्सन, ज्यू घराण्यात जन्मलेला, लहानपणीच बाप्तिस्मा होऊन ख्रिस्ती झालेला, आणि लेख आला तेव्हा मरून तीन वर्षं झालेला, अवघ्या ३८ व्या वर्षी गेला बिचारा. दुसरा जाकोमो मायरबेअर, पॅरिसमधला तेव्हाचा सगळ्यात चालणारा ऑपेरावाला. त्याचं नाव लेखात घेतलेलं नाही पण कुणाला टोला आहे ते तेव्हाच्या वाचकाला सांगायची गरज नव्हती. आता मायरबेअरनं ह्याचं काय घोडं मारलं होतं? तर वाग्नर १८३९ ला पॅरिसला गेला तेव्हा कर्जात बुडालेला, कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा ह्याच मायरबेअरनं शिफारसपत्रं दिली, ड्रेस्डेनच्या थिएटरला शब्द टाकला, म्हणून १८४२ ला त्याचा 'रिएन्झी' हा ऑपेरा तिथं लागला आणि वाग्नरचं नाव झालं. वाग्नरची त्या काळातली मायरबेअरला लिहिलेली पत्रं आहेत, ती वाचवत नाहीत इतकं लोटांगण घातलंय. खाल्ल्या मिठाला जागणं हा प्रकार ह्या गड्याकडं नव्हताच, ज्यांनी उसने पैसे दिले, आसरा दिला त्या बहुतेकांशी तो कधी ना कधी वाईट वागलाय, पण इथं त्याच्या वैयक्तिक जळफळाटाला त्यानं एका अख्ख्या समाजाचा सिद्धांत करून टाकला.

आणि नशिबाची चेष्टा बघा, १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं प्रशियाच्या राजपुत्राशी लग्न झालं, त्यात वाग्नरची ही धून पण वाजली आणि मेंडेल्सनचा वेडिंग मार्च पण वाजला. तेव्हापासून इंग्रजी पद्धतीच्या लग्नात नवरी येताना वाग्नर आणि जोडपं बाहेर पडताना मेंडेल्सन अशी प्रथाच पडली. मारणारा आणि मार खाणारा दोघं एकाच मांडवात. नाझींनी पुढं मेंडेल्सनच्या संगीतावर बंदी घातली, १९३६ ला लाइपझिगमधला त्याचा पुतळा काढून टाकला, पण बाकी जगातल्या लग्नांनी दोघांना सोडलं नाही.

ह्यावर लगेच एक उत्तर येतं, की अहो तो काळच तसा होता, सगळेच तसं बोलायचे. मला हे पटत नाही. युरोपात ज्यूद्वेष सर्रास होता हे खरंच आहे, पण वाग्नरनं हा लेख रागाच्या भरात एकदा लिहिला आणि विसरला असं झालं नाही. १८६९ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी, तो प्रसिद्ध झालेला, बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा त्याच्या पाठीशी उभा, पैशाची ददात मिटलेली, तेव्हा त्यानं तोच लेख वाढवून, ह्या वेळी स्वतःच्या नावानं, पुस्तिका म्हणून परत छापला. कुणी मागितला नव्हता. त्यावर तेव्हाच आरडाओरडा झाला, निषेध झाले, त्याच्या जवळच्या लोकांना पण कशाला हा उद्योग असं वाटलं. म्हणजे त्याच काळातल्या लोकांना ते खटकलं होतं. आणि १८८१ च्या डिसेंबरात व्हिएन्नामध्ये एका थिएटरला आग लागून शेकडो माणसं मेली, त्यानंतर घरी बोलता बोलता ह्या माणसानं ज्यूंना असंच नाटकाला बसवून जाळावं अशा अर्थाचा विनोद केला, ही नोंद त्याच्या बायकोनं, कोसिमानं, स्वतःच्या डायरीत करून ठेवलीय. बायको काही विरोधक नव्हती, ती तर त्याच्याहून कडक ज्यूद्वेष्टी.

पण माणूस सरळ रेषेत पण चालत नाही. १८८० ला जर्मनीत ज्यूंचे हक्क कमी करा असा एक मोठा सह्यांचा अर्ज फिरत होता, त्याच्यावर सही करायला वाग्नरनं नकार दिला. आणि त्याच्या अवतीभवती ज्यू संगीतकार, ज्यू पियानोवादक, ज्यू मॅनेजर कायम होते. ह्यातली हर्मन लेवीची गोष्ट मला फार छळते, ती जरा सविस्तर सांगतो.

लेवी हा एका रब्बीचा मुलगा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, आणि म्युनिकच्या राजदरबारी ऑर्केस्ट्राचा प्रमुख. वाग्नरचा शेवटचा ऑपेरा 'पार्सिफाल', त्याचा विषय पूर्ण ख्रिस्ती भक्तीचा, आणि वाग्नरची इच्छा की हे बसवणाऱ्यानं आधी बाप्तिस्मा घ्यावा. लेवी काही तयार होईना. वाग्नर दुसरा माणूस बघत होता, पण ऑर्केस्ट्रा राजाचा, आणि राजाचं म्हणणं असं की ऑर्केस्ट्रा पाहिजे तर त्याच्या प्रमुखासकट घ्या. १८८१ च्या उन्हाळ्यात लेवी वाग्नरच्या घरी राहायला असताना एक निनावी पत्र आलं, की तुमची ही पवित्र कृती ज्यूच्या हातनं बाटवू नका, आणि वर लेवी आणि कोसिमाबद्दल घाणेरडा संशय. वाग्नरनं काय करावं? तर ते पत्र लेवीला वाचायला दिलं. लेवी सामान बांधून गाव सोडून निघून गेला. मग वाग्नरनंच तार-पत्रं करून विनवण्या करून त्याला परत बोलावलं. २६ जुलै १८८२ ला पार्सिफालचा पहिला प्रयोग झाला तो लेवीनंच कंडक्ट केला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वाग्नर व्हेनिसमध्ये वारला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेवी होता. त्यानं आपल्या रब्बी वडलांना पत्रात लिहिलंय की वाग्नर फार थोर मनाचा माणूस आहे, त्याचा ज्यूंवरचा राग पण चांगल्या हेतूतनं आलेला आहे. हे वाचून मला लेवीचा राग येत नाही, पण पोटात कालवतं. एवढा अपमान गिळून माणूस त्या संगीताच्या इतका जवळ का राहिला असेल, ह्याचं उत्तर संगीतातच असणार, दुसरीकडं कुठं नाही.

तर ते संगीत.

आपल्या कानाला समजेल असं सांगायचं तर समेचं उदाहरण घ्या. गवयानं तान घेतली की आपण समेची वाट बघतो, सम आली की मान डोलते, हाश्श होतं. युरोपियन संगीतात पण तसंच असतं, ताणलेला सुरांचा गठ्ठा येतो आणि तो सुटून घरच्या सुरावर येतो. वाग्नरनं १८६५ ला 'ट्रिस्टान आणि इसोल्डे' आणला, त्याची सुरुवातच अशा एका ताणलेल्या सुरांच्या गठ्ठ्यानं होते की तो सुटला असं वाटेपर्यंत दुसऱ्याच ताणात जातो, परत सुटेल असं वाटतं, परत तिसरीकडं, आणि हे असं जवळजवळ चार तास. सम येतच नाही. येते ती एकदम शेवटी, नायिका मेलेल्या नायकाशेजारी गात गात प्राण सोडते तेव्हा. दोघांचं प्रेम जिवंतपणी पुरं होऊ शकत नाही हे त्यानं शब्दात सांगण्याआधी सुरात सांगून ठेवलंय. हे ऐकून युरोपातल्या पुढच्या पन्नास वर्षांच्या संगीतकारांची झोप उडाली, कोण त्याच्या मागं गेला, कोण त्याच्यापासून पळाला, पण दुर्लक्ष कुणालाच करता आलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पात्राला, वस्तूला, भावनेला छोटी धून द्यायची आणि ती बदलत बदलत अख्ख्या नाटकभर खेळवायची. 'रिंग' हा त्याचा चार ऑपेरांचा संच, सगळा मिळून पंधरा तासांच्या आसपास, लिहायला लागल्यापासून पूर्ण व्हायला २६ वर्षं लागली, त्यात अंगठीची धून, तलवारीची धून, देवांच्या महालाची धून असं सगळं विणलेलं आहे. व्हिलन पडद्यावर यायच्या आधी त्याची धून वाजते आणि आपल्याला कळतं की आता हा येणार, ही आजच्या पिक्चरच्या बॅकग्राउंड म्युझिकची सगळी युक्ती तिथनंच आलीय. बायरॉइट नावाच्या गावात त्यानं स्वतःचं थिएटर बांधलं, १८७६ ला रिंगनंच उघडलं, तिथं ऑर्केस्ट्रा स्टेजच्या खाली खड्ड्यात लपवलेला आणि प्रेक्षागृहात अंधार. तेव्हा थिएटरात लाइट चालू असायचे आणि लोक एकमेकांचे कपडे बघायचे. आपण आज अंधारात गप बसून पिक्चर बघतो ना, त्यात ह्या माणसाचा वाटा आहे. म्हणजे वाग्नरवर बहिष्कार टाकायचा ठरवलं तरी पूर्ण टाकता येत नाही, तो भिंतीत मुरलाय.

आता ह्यात द्वेष कुठं आहे? नुसत्या सुरांत नाही, हे मी छातीठोक सांगतो. ट्रिस्टानच्या त्या पहिल्या सुरांना धर्म नाही. पण त्याची नाटकं मात्र पूर्ण धुतल्या तांदळासारखी आहेत असं म्हणणारे लोक मला जरा जास्तच भाबडे वाटतात. त्याच्या एकाही ऑपेरात कुठल्या पात्राला ज्यू म्हटलेलं नाही, हे बरोबर. पण रिंगमधला आल्बेरिश हा सोन्यासाठी प्रेमावर पाणी सोडणारा बुटका, त्याचा किरकिऱ्या, कपटी भाऊ मीमे, आणि 'मास्टरसिंगर्स' ह्या त्याच्याच दुसऱ्या ऑपेरातला बेकमेसर, ज्याला नियम सगळे पाठ पण गाणं येत नाही आणि शेवटी दुसऱ्याचं गाणं चोरून भर चौकात हसं करून घेतो, ही पात्रं बघितली आणि मग तो १८५० चा लेख वाचला की तेच आरोप पोशाख घालून स्टेजवर आल्यासारखे वाटतात. अभ्यासकांचं ह्यावर एकमत नाही. पण गुस्ताव माहलर, जो स्वतः ज्यू घरातला आणि व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख, त्याला मीमेमध्ये ज्यूची नक्कल आहे असंच वाटायचं, आणि तरी तो आयुष्यभर वाग्नर मन लावून बसवत राहिला. मास्टरसिंगर्सचा शेवट तर सरळ 'जर्मन कला परक्यांपासून जपा' अशा भाषणानं होतो. ते भाषण १८६८ मध्ये ऐकणं वेगळं आणि १९३३ नंतर ऐकणं वेगळं.

हिटलरचं पण बोलूया, कारण लोकांच्या डोक्यात वाग्नर म्हणजे हिटलरचा दोस्त असं काहीतरी असतं. वाग्नर मेला १८८३ ला, हिटलर जन्मला १८८९ ला. भेट शक्यच नाही. पण वाग्नरच्या पश्चात त्याच्या घरानं काय केलं ते वाईट आहे. जावई ह्यूस्टन स्ट्यूअर्ट चेंबरलेन हा वंशवादाचा मोठा प्रचारक, सून विनिफ्रेड ही हिटलरची खास मैत्रीण, १९२३ पासून त्याचं बायरॉइटला येणं-जाणं, आणि १९३० पासून अख्खा महोत्सवच तिच्या हातात. नाझींच्या न्यूरेनबर्गच्या मेळाव्यांना मास्टरसिंगर्स व्हायचा. हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, १९३९ ला, उद्योगपतींनी त्याला वाग्नरच्या स्वतःच्या हातची हस्तलिखितं भेट दिली, त्यात रिएन्झीचं पण होतं, आणि १९४५ ला सगळं कोसळलं त्यात ती गेली ती गेलीच. गंमत म्हणजे बाकीच्या नाझी पुढाऱ्यांना चार-चार तासांच्या ऑपेराचा कंटाळा यायचा. पण एकट्या हिटलरचं वेड पुरेसं होतं. तेव्हा वाग्नरला नाझींच्या पापासाठी फाशी द्यायची का, तर नाही, पण हा वारसा त्याच्यावर कुणी बाहेरून चिकटवला असं पण नाही, त्याच्या लिखाणात तो रेडीमेड मिळत होता.

मग येतो प्रश्न ऐकणाऱ्याच्या कानाचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तोच. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, आणि लगेच तेल अवीवमधल्या पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रानं, ज्यात जर्मनीतनं हाकललेलेच कितीतरी वादक होते, ठरलेल्या कार्यक्रमातनं मास्टरसिंगर्सचा तुकडा काढून टाकला. त्याआधी ते वाग्नर वाजवत होते बरं का. पुढं तो ऑर्केस्ट्रा इस्राएल फिलहार्मोनिक झाला आणि वाग्नर न वाजवणं हा अलिखित नियम झाला. कायदा नाही, हे नीट लक्षात घ्या, इस्राएलमध्ये वाग्नरवर कायद्यानं बंदी कधीच नव्हती. लोकांच्या जखमेचा मान म्हणून पाळलेलं पथ्य. १९८१ मध्ये झुबिन मेहता, आपले मुंबईचे, त्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख, त्यांनी तिथं कार्यक्रम संपल्यावर जादाचा तुकडा म्हणून ट्रिस्टानचा शेवट वाजवायला घेतला, आधी सांगितलं की ज्यांना नको त्यांनी जरूर जावं. संगीत चालू असताना नाझी छळातून वाचलेला एक माणूस स्टेजकडं चालत गेला आणि सदरा वर करून अंगावरचे व्रण दाखवायला लागला.

त्या माणसाला 'कला वेगळी, कलाकार वेगळा' हे कोण सांगणार? माझ्यात तर हिंमत नाही.

आणि तरी जुलै २००१ मध्ये डॅनियल बॅरेनबॉइमनं जेरुसलेममध्ये जे केलं ते पण मला बरोबर वाटतं. तो स्वतः ज्यू, इस्राएलचा नागरिक, आणि बर्लिनचा ऑर्केस्ट्रा घेऊन आलेला. ठरलेल्या कार्यक्रमात वाग्नर होता तो विरोधामुळं आधीच काढला होता. आदल्या पत्रकार परिषदेत कुणा पत्रकाराचा मोबाइल वाजला आणि रिंगटोन काय तर वाग्नर, तेव्हा त्याला वाटलं मोबाइलवर चालतो तर हॉलमध्ये का नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यानं प्रेक्षकांना हिब्रूत विचारलं, ट्रिस्टानमधलं थोडं ऐकायचंय का, ज्यांना नको त्यांनी जावं. अर्धा तास भर हॉलमध्ये वादावादी, कोणी फॅसिस्ट म्हणून ओरडलं, कोणी दारं आपटून गेलं, पण बहुतेक बसले, त्यानं वाजवलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. नंतर तिथल्या संसदेच्या एका समितीनं त्यालाच बहिष्काराची धमकी दिली ते वेगळं. २०१८ ला तिथल्या रेडिओनं वाग्नर लावला म्हणून माफी मागितली, म्हणजे विषय अजून मिटलेला नाही.

ह्या दोन्ही प्रसंगात एक गोष्ट सारखी आहे, ज्यांना नको त्यांना दार उघडं ठेवलं होतं. आणि निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, म्हणजे ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी. आपण इथं मिरजकर तिकटीला चहा पीत बसून त्यांना 'विसरा आता' म्हणणं हा आगाऊपणा झाला, आणि 'कधीच ऐकू नका' म्हणणं हा पण.

आमच्या गाणं ऐकणाऱ्या ग्रुपमध्ये एकदा हा विषय निघाला होता. एक तबलावाले दादा म्हणाले, गवई दारू पितो का बायकोला मारतो मला काय करायचंय, सूर लागला का बोला, विषय संपला. त्यावर एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, ज्या बायकोला मारतो तिनं पण हेच म्हणायचं का?" दादा गप. नंतर त्यांनी विषय टिळकांवर नेला, की वेदोक्त प्रकरणात केसरीनं शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजू घेतली, मग टिळकांना काय पुसून टाकायचं का? तर नाही, कोणी पुसत नाही, पण निदान कोल्हापुरात तरी टिळकांचं मोठेपण सांगताना ती बाजू गाळत पण नाहीत, गाळली तर समोरचा लगेच आठवण करून देतो. मला वाटतं वाग्नरचं पण एवढंच करायचं असतं, गाळायचं नाही. सूर ऐकताना लेख विसरा असं म्हणायची गरज नाही, आणि लेख माहीत आहे म्हणून सूर बेसूर होत नाही, दोन्ही डोक्यात ठेवून ऐकायला जरा त्रास होतो, होऊ दे की.

एक व्यवहाराचा मुद्दा राहिला, पैशाचा. जिवंत कलाकार असेल आणि त्याच्यावर गंभीर आरोप असतील तर तिकीट काढणं म्हणजे त्याच्या खिशात पैसे घालणं, तिथं मी स्वतः हात आखडता घेतो. वाग्नरला जाऊन एकशे चाळीस वर्षं झाली, कॉपीराइट कधीच संपला, मोबाइलवर ऐकलं म्हणून त्याला किंवा त्याच्या विचारांना एक पैसा जात नाही. दोन्ही प्रकार एकाच मापानं मोजायचे नाहीत.

बायरॉइटचं पण सांगतो, महोत्सव आज त्याची पणती कॅथरीना चालवते. २०१२ पासून थिएटरच्या शेजारच्या बागेत फलक लावलेत, ज्यांना ज्यू म्हणून इथनं आणि जर्मनीतल्या थिएटरांतनं काढलं त्या गायक-वादकांचे, फोटो आणि शेवट काय झाला त्यासकट, कोण देशोधडीला लागलं, कोण छावणीत मेलं. तिकीट काढून आत जाणारा माणूस ते वाचत जातो. आणि २०१७ ला तिथं मास्टरसिंगर्स बसवला बॅरी कोस्कीनं, तिथं काम करणारा पहिला ज्यू दिग्दर्शक. त्यानं नाटकाचा एक भाग वाग्नरच्या दिवाणखान्यात मांडला आणि शेवट न्यूरेनबर्गच्या त्या कोर्टात जिथं नाझींवर खटले चालले. नाटकातलं मुख्य पात्र हान्स साक्स, त्याचं ते शेवटचं जर्मन कलेचं भाषण कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहून होतं, वाग्नरच्या वेशात. एक सूर बदलला नाही, शब्द बदलला नाही.

ऐकायचंच असेल तर सुरुवात कुठनं करायची, हे मला बरेच जण विचारतात. पंधरा तासांचं रिंग पहिल्या दिवशी लावू नका, झोप लागेल आणि नाव मला ठेवाल. 'सीगफ्रीड इडिल' लावा, वीसेक मिनिटांचं आहे, १८७० च्या नाताळच्या सकाळी कोसिमाला वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं घराच्या जिन्यावर मोजके वादक उभे करून वाजवलं होतं, इतकं हळुवार आहे की हाच तो माणूस का असा प्रश्न पडतो. मग ट्रिस्टानची सुरुवात आणि शेवट, जोडून वाजवतात, पाऊण तासाच्या आत होतं. मास्टरसिंगर्स सगळ्यात शेवटी, आणि तो मात्र नुसता कानात घालून नको, शब्दांचं भाषांतर समोर ठेवून ऐका.

आणि हो, इयरफोन चांगले घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही.